शपथेच्या दोन ओळी

दिग्रसच्या बस स्टँडसमोरच्या टपरीवर तुम्ही उभे आहात. तारीख 15 डिसेंबर 2024, रविवार, दिवस कलत आलेला. कापसानं फुगलेली एक गाडी दारव्ह्याच्या रस्त्याला लागते आणि मागे रुईचे चार पुंजके हवेत सोडून जाते. टपरीवाल्यानं साखरेच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केला आहे. नागपूरच्या राजभवनात मंत्र्यांचा शपथविधी चालू आहे. इथले आमदार संजय राठोड यांचं नाव केव्हा येतं, म्हणून सात-आठ माणसं त्या हाताएवढ्या पडद्याकडे मान वाकवून पाहतायत.

एकामागून एक माणूस उभा राहतो आणि म्हणतो, मी ईश्वरसाक्ष शपथ घेतो की... तुमच्या शेजारी उपरणं गुंडाळून बसलेला म्हातारा बशीतला चहा फुंकतो आणि कुणालाच उद्देशून नाही असं विचारतो, "अन् ज्याचा देवावर इश्वासच नाही, त्यानं काय म्हणावं जी?"

कोणी उत्तर देत नाही. तुम्हाला मात्र ठाऊक आहे की त्याच कागदावर आणखी एक ओळ असते: गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो. ज्याला देवाचं नाव घ्यायचं नाही, त्याच्यासाठी. ही ओळ तिथं आपोआप उगवलेली नाही. तिच्यासाठी माणसं कोठडीत गेली आहेत, निवडून येऊन दाराबाहेर उभी राहिली आहेत. आणि ती आपल्यापर्यंत येताना वऱ्हाडाच्या अगदी कुशीतून आली आहे. म्हाताऱ्याला उत्तर द्यायचं तर मागे जावं लागेल. दिग्रसचा कापूस ज्या वाटेनं मुंबईला जायचा, तीच वाट धरा.

बंडीची चाकं कुरकुरतायत. सन 1889 आहे, पौष लागला आहे. शकुंतला रेल्वे व्हायला अजून बराच अवकाश आहे, म्हणून मूर्तिजापूरपर्यंत बैलाच्या पायांनीच जायचं. यवतमाळ जिल्हा अजून जन्मलेला नाही; तुमचा मुलूख वणी जिल्ह्यात मोडतो. वऱ्हाड नावाला निजामाचं आणि 1853 पासून कारभाराला इंग्रजांचं. मूर्तिजापूरला गाठी चढतात त्याच गाडीत तुम्ही चढता आणि दोन दिवसांनी मुंबईत काँग्रेसच्या पाचव्या अधिवेशनाच्या मंडपात येऊन उभे राहता. योगायोग असा की, 1889 सालच्या या अधिवेशनाला प्रतिनिधीही बरोबर 1889 आले आहेत.

व्यासपीठावर अध्यक्ष विल्यम वेडरबर्न. पण माना वळतात त्या दुसऱ्याच एका गोऱ्या पाहुण्याकडे. धिप्पाड देह, पण मोठ्या आजारातून नुकता उठलेला, चेहरा ओढलेला. चार्ल्स ब्रॅडलॉ. ब्रिटिश पार्लमेंटात हिंदुस्थानची बाजू इतक्या चिकाटीनं मांडतो की लोक त्याला हिंदुस्थानचा खासदार म्हणतात. आणि हा माणूस नास्तिक आहे. खासगीत नव्हे, उघड, सभांमधून, वर्तमानपत्रांतून.

1880 मध्ये नॉर्दम्प्टनच्या मतदारांनी त्याला निवडून दिलं, तेव्हा त्यानं सभागृहाला विचारलं की देवाची शपथ न घेता मला प्रतिज्ञा करता येईल का. नाही म्हणाले. बरं, मग शपथ घेतो, म्हणाला. तर म्हणाले, तुझा तिच्यावर विश्वास नाही, म्हणून तुला तीही घेता येणार नाही. मंडपातल्या गर्दीत उभं राहून या कोंडीचा नीट विचार करा. माणूस खोटं बोलत नाही, एवढ्यासाठी दोन्ही दारं बंद! त्याला घड्याळाच्या मनोऱ्यातल्या कोठडीत एक रात्र काढावी लागली. जागा रिकामी झाली की पोटनिवडणूक व्हायची आणि नॉर्दम्प्टनचे चांभार, कारागीर त्यालाच पुन्हा निवडून द्यायचे. सहा वर्षं हे चाललं. 1886 च्या जानेवारीत तो अखेर आत बसला आणि 1888 मध्ये त्यानं कायदाच करून घेतला: ज्याला शपथ नको, त्यानं प्रतिज्ञा करावी. म्हाताऱ्याच्या प्रश्नाचं मूळ इथं आहे.

पण या गोष्टीतला मला सर्वांत मोठा वाटणारा माणूस इथं मंडपात नाही. तो म्हणजे ग्लॅडस्टन. पंतप्रधान, कडवा म्हणावा इतका श्रद्धाळू ख्रिस्ती, ब्रॅडलॉची मतं ज्याला मनापासून दुखवणारी होती असा. 1883 च्या एप्रिलमध्ये त्याच ग्लॅडस्टननं सभागृहात उभं राहून नास्तिकाच्या हक्कासाठी आयुष्यातलं एक उत्तम भाषण केलं. देवाचं नाव नुसतं ओठांवर आणायला भाग पाडण्यानं धर्माचं रक्षण होत नाही, असा त्याचा रोख होता. विधेयक तीन मतांनी पडलं, 289 विरुद्ध 292. स्वतःच्या श्रद्धेवर ज्याचा भरवसा असतो, त्याला दुसऱ्याच्या अश्रद्धेची भीती वाटत नाही, हे त्या पडलेल्या विधेयकात मला दिसतं.

आता मंडपातच डावीकडे पाहा. स्त्रियांची एक लहानशी रांग आहे, दहाएक जणी. त्यांच्यात पांढऱ्या साडीतली, केस कापलेली, एकतीस वर्षांची एक बाई बसली आहे. पंडिता रमाबाई. काँग्रेसच्या प्रतिनिधींत स्त्रिया दिसण्याचं हे पहिलंच वर्ष. रमाबाईंनी सहा वर्षांपूर्वी, 1883 मध्ये, इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. त्या ख्रिस्ताकडे गेल्या, पण चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे मान तुकवायला तयार झाल्या नाहीत. पुरोहितांचं एक जोखड मोठ्या कष्टानं फेकलं, ते दुसरं घ्यायला नव्हे, असं त्यांनी आपल्या ख्रिस्ती गुरुभगिनींना ठणकावून कळवलं होतं.

एका मंडपात इंग्लंडचा देव सोडलेला इंग्रज आणि इंग्लंडात देव सापडलेली मराठी बाई. दोघांनीही आपापल्या घराण्यांचं, आपापल्या लोकांचं ऐकलं नाही. दोघांनाही त्याची किंमत मोजावी लागली. रमाबाई काय विचार करतायत हे तुम्हाला दुरून दिसत नाही. टाळ्या पडतात, गर्दी पुढे सरकते आणि तुमच्या पायाखालची जमीन बदलते.

लंडनजवळच्या ब्रुकवुडची दफनभूमी. 1891. ब्रॅडलॉ 30 जानेवारीला गेला आणि लंडनमधल्या हिंदी विद्यार्थ्यांची मोठी रीघ त्याच्या अंत्यसंस्काराला आली आहे. त्यांत एकवीस वर्षांचा एक काठेवाडी मुलगा आहे, बॅरिस्टरीचा अभ्यास करणारा. परतताना स्टेशनवर एक नास्तिक एका पाद्र्याला गाठून पृथ्वीचा परीघ किती, मग तुमचा देव राहतो कुठं, असे टोमणे मारतो. पाद्री नम्रपणे गप्प राहतो. मुलगा ऐकतो. या प्रसंगानं त्याच्या मनातली नास्तिकतेबद्दलची अढी आणखी पक्की झाली, हे त्यानंच पुढे आत्मकथेत लिहिलं. मोहनदास गांधी त्याचं नाव.

ही अढी मनात ठेवून पुढे चला. 1931 च्या डिसेंबरात, गोलमेज परिषदेहून परतताना, हाच माणूस स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात एका सभेत सांगतो की ईश्वर सत्य आहे असं मी पूर्वी म्हणत असे, आता सत्य हाच ईश्वर असं म्हणतो. कारण सत्य नास्तिकही नाकारत नाही. तिथं तो नाव घेतो ते ब्रॅडलॉचं, आणि त्याला नास्तिक मानायला नकार देतो. चाळीस वर्षांनी. एका दफनविधीला गेलेला मुलगा तो दिवस विसरला नव्हता.

आता घराकडे या. पण दिग्रसला नाही, थोडं पलीकडे. नोव्हेंबर 1944. दिग्रसहून दारव्हा, दारव्ह्याहून अरुंद रुळांवरची शकुंतला. मँचेस्टरहून आलेलं इंजिन धापा टाकत यवतमाळला पोचवतं. यवतमाळात फ्री मेथडिस्ट मिशनचं ठाणं फार दिवसांपासून आहे. नऊ वर्षांनी तिथं युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहील आणि तीस वर्षं, 1983 मध्ये पुण्याला हलेपर्यंत, या कापसाच्या गावात देशभरातले तरुण पाद्री घडतील. लढाईचे दिवस, पेट्रोलची टंचाई. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार तुम्हाला वर्ध्याला सोडते आणि टांगा सेवाग्रामला.

बापू कुटी. बांबू, माती, कौलं. कस्तुरबा याच वर्षी फेब्रुवारीत आगाखान पॅलेसच्या कैदेत गेल्या, मे महिन्यात गांधी सुटले. भिंत पाहा. दोन वर्षांपूर्वी, 1942 च्या जूनमध्ये, अमेरिकन पत्रकार लुई फिशर इथं आठवडाभर राहिला, तेव्हा या मातीच्या भिंतींवर त्याला एकच चित्र दिसलं होतं: येशू ख्रिस्ताचं, खाली शांतीविषयीचं बायबलमधलं वाक्य.

आणि या कुटीच्या अंगणात आंध्रातून एक माणूस आला आहे. बेचाळीस वर्षांचा, वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक होता. नास्तिक मतांपायी दोन कॉलेजांतून नोकरी गेली. मग कृष्णा जिल्ह्यातल्या मुदुनूर गावात जाऊन त्यानं 1940 मध्ये नास्तिक केंद्र काढलं. अस्पृश्य आणि सवर्ण यांना एका पंगतीत बसवणं हे त्याचं मुख्य काम. गोपाराजू रामचंद्र राव. लोक गोरा म्हणतात. 1941 मध्ये त्यानं भेट मागितली, तेव्हा गांधींनी वेळ नाही म्हणून कळवलं होतं. या वेळी आश्रमातल्या एका आंध्र कार्यकर्त्यानं त्याच्या कामाची हकिगत सांगितली आणि गांधींनी स्वतः बोलावून घेतलं.

कुडाला पाठ लावून ऐका. गांधी हसत हसत विचारतात की देव नसलेल्या माणसाशी मी काय बोलणार. गोराही हसतो आणि सांगतो, मी देव नसलेला नाही, मी नास्तिक आहे. त्याच्या मते पहिलं नुसतं नसणं, दुसरं एक भूमिका. मग तो आदल्या वर्षीच्या कलकत्त्याबद्दल बोलू लागतो. बंगालचा दुष्काळ. मिठाईच्या, फळांच्या दुकानांसमोर माणसं भुकेनं कोसळून मेली, पण कुणी हात उचलला नाही. का? गोराचं म्हणणं, दैवावर भार टाकायची सवय. हे आपल्या नशिबात लिहिलंय, असं मेलेल्यांनी मानलं आणि दुकानदारांनीही.

तुम्ही दिग्रसचे आहात, म्हणून हा प्रश्न तुमच्या घशात अडकतो. 1986 च्या 19 मार्चला आपल्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्यानं बायको-मुलांसह जीवन संपवलं. तेही इथून जवळच, पवनारच्या बाजूच्या दत्तपूरला येऊन. त्या दिवशी गावोगाव आजही अन्नत्याग पाळतात. कापसाचा भाव, कर्ज, वीज, पाणी ही सगळी माणसांनी केलेली व्यवस्था, आणि मरताना शेतकरी दोष देतो तो नशिबाला. गोराचं सगळं म्हणणं मला पटत नाही. त्याच श्रद्धेनं पंढरीची वाट चालणारी, पोहरादेवीला जाणारी माणसं अन्यायाविरुद्ध उभी राहिलेलीही मी पाहिली आहेत. पण त्याचा प्रश्न खरा आहे, आणि तो टाळून कोणत्याही धर्माचं पुढारीपण करता येऊ नये असं मला तळमळीनं वाटतं.

गांधी टाळत नाहीत. दोघांची बोलणी पुढच्या वर्षीही चालतात. गोरा पुन्हा येऊन आश्रमात राहतो. शेवटी म्हातारा गांधी कबूल करतो की माझी आस्तिकता बरोबर आणि तुझी नास्तिकता चूक असं मी म्हणू शकत नाही. आपण दोघेही सत्य शोधणारे. ब्रुकवुडच्या स्टेशनवरची अढी पन्नासहून अधिक वर्षांनी अशी सुटली. वाद जिंकून कोणी ती सोडवली नाही. मुदुनूरची पंगत तिला पुरली.

मार्च 1948. तुम्ही सेवाग्राममध्येच आहात, पण कुटी रिकामी आहे. गोराच्या मोठ्या मुलीचं, मनोरमेचं, अर्जुनराव या अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या तरुणाशी लग्न आहे. गांधींनी ते आश्रमात लावायचं कबूल केलं होतं आणि नास्तिकांच्या लग्नात देवाच्या नावाऐवजी सत्याचं नाव घ्यायला तयार झाले होते. 30 जानेवारीला गोळ्या झाडल्या गेल्या. शब्द मात्र पाळला गेला. आश्रमातल्या प्रभाकरजींनी लग्न लावलं, सत्याला साक्षी ठेवून. भटजी नाही, होम नाही. वऱ्हाडाच्या वेशीवर, एका निस्सीम रामभक्ताच्या अंगणात!

त्याच आठवड्यात, गांधींनंतर काय करायचं हे ठरवायला देशभरातले कार्यकर्ते सेवाग्रामला जमले आहेत. त्यांत खादीतला एक तापट, नेमकं बोलणारा माणूस: जे. सी. कुमारप्पा. मूळचे तंजावरचे जोसेफ चेल्लदुरै कॉर्नेलियस. लंडनला शिकलेले हिशेबनीस, कोलंबियात अर्थशास्त्र. 1929 मध्ये गांधींना भेटले आणि त्याच सुमारास घराण्याचं जुनं नाव परत घेतलं. 1934 पासून वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचा भार त्यांच्यावर. घाणी, हातकागद, गूळ, मधमाश्या. शेवटपर्यंत ख्रिस्ती राहिले आणि 1930 मध्ये सत्याग्रहाला विरोध करणाऱ्या कलकत्त्याच्या मेट्रोपॉलिटन बिशप वेस्टकॉट यांनाच जाहीर पत्रातून विचारून बसले की अहिंसेची शिकवण तुम्ही कुठं ठेवलीत. बेचाळीसच्या लढ्यात जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तकं लिहिली, एक टिकाऊ अर्थव्यवस्थेवर आणि एक येशूच्या आचरणावर. दोन्हींना प्रस्तावना गांधींची. आणि गांधींनी त्यांना दोन डॉक्टरेट बहाल केल्या, एक ईश्वरशास्त्राची, दुसरी ग्रामोद्योगाची. मला ही जोडी फार अर्थाची वाटते. घाणीतून निघालेल्या तेलाचा हिशेब आणि रोजच्या भाकरीची प्रार्थना, हे कुमारप्पांच्या वहीत एकाच पानावर होतं.

सेवाग्रामची दुसरी ख्रिस्ती व्यक्ती तोवर दिल्लीत गेली आहे. राजकुमारी अमृत कौर. कपूरथळ्याच्या राजघराण्यातली, वडील ख्रिस्ती झाले म्हणून गादीपासून दूर गेलेलं घर. गांधींची वर्षानुवर्षांची सचिव, आता देशाची आरोग्यमंत्री. आणि हे दिग्रसमध्ये किती जणांना ठाऊक आहे? संविधान सभेत त्या मध्यप्रांत व वऱ्हाडाच्या प्रतिनिधी होत्या. म्हणजे तुमच्या आजोबांच्या. मार्च 1947 मध्ये त्यांनी आणि हंसा मेहतांनी लेखी हरकत घेतली: धर्म आचरण्याचं मोकळं स्वातंत्र्य शब्दशः दिलंत, तर देवदासी, पडदा, सती यांनाही त्याच छत्राखाली जागा मिळेल. अल्पसंख्य धर्माची बाई. तिनं आपल्या धर्मासाठी जास्त मागायचं, ही सगळ्यांची अपेक्षा. तिनं मागितलं ते इतर धर्मांतल्या बायकांसाठी संरक्षण. सामाजिक सुधारणेचे कायदे करायची मोकळीक आज संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदात आहे.

आता त्याच सभागृहात चला, 17 ऑक्टोबर 1949. अध्यक्षस्थानी राजेंद्रप्रसाद. उभे आहेत हरी विष्णू कामत, सनदी नोकरी सोडून सुभाषबाबूंमागे गेलेले. तेही मध्यप्रांत व वऱ्हाडाचेच. त्यांना प्रास्ताविका देवाच्या नावानं सुरू व्हायला हवी आहे. सभागृहात कुजबुज. आसामचे एक सभासद म्हणतात, देवाच्या नावे का, देवीच्या का नाही. पूर्णिमा बॅनर्जी कळवळून सांगतात की देवावर मतदान घ्यायला लावू नका. हृदयनाथ कुंझरू म्हणतात, विश्वास कुणावर लादायचा नसतो. कामत मागे घेत नाहीत. मतं मोजली जातात: बाजूनं 41, विरुद्ध 68. देवाची दुरुस्ती पडली, ती पाडणाऱ्यांत बहुसंख्य देव मानणारेच.

पण कामत आधी एकदा जिंकले होते, आणि तुम्ही इतका लांब आलात ते त्यासाठी. डिसेंबर 1948 मध्ये राष्ट्रपतींच्या शपथेचा मसुदा आला, तेव्हा त्यात देवाचा उल्लेख नव्हता. कामतांनी तो घालायची सूचना मांडली, आंबेडकरांनी ती मान्य केली. मात्र प्रतिज्ञेचा पर्याय तसाच ठेवून. एक ओळ वर, एक खाली, मधे रेघ. आठ वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 ला, विदर्भाच्या गावागावांतून माणसं नागपूरला लोटली आणि बाबासाहेबांबरोबर बुद्धाला शरण गेली. त्यांच्या लेकरांपैकी कोणी निवडून आलं, तर त्याला उभं राहायला ती खालची ओळ आधीच तयार होती.

परत फिरताना बंगळूरला क्षणभर थांबा. सेंट पीटर्स सेमिनरीच्या भोजनगृहात मंगळूरचा एक उंच, किडकिडीत मुलगा ताटाकडे पाहत बसला आहे. प्रमुख पाद्री वरच्या टेबलावर, त्यांचं जेवण चांगलं. शिकणारी मुलं खाली, त्यांचं साधं. हे त्याला सहन झालं नाही. 1948 च्या सुमारास त्यानं सेमिनरी सोडली, मुंबई गाठली, फुटपाथवर झोपला, हमालांच्या, टॅक्सीवाल्यांच्या संघटना बांधल्या. 1967 ला त्यानं स. का. पाटलांना पाडलं, 1974 ला देशभरची रेल्वे थांबवली. जॉर्ज फर्नांडिस पुढे कधी श्रद्धाळू म्हणून जगले नाहीत. 2019 च्या जानेवारीत गेले तेव्हा त्यांच्या देहाला अग्नी दिला गेला आणि रक्षा ख्रिस्ती दफनभूमीत पुरली. मला त्यात विसंगती दिसत नाही. तो मुलगा पाद्र्यांवर रुसला होता तो त्या वरच्या टेबलामुळे, आणि मुदुनूरच्या गोरानं पंगत मांडली तीही त्याच टेबलाविरुद्ध.

टपरीवर चहा निवला आहे. हवेत रुईचे पुंजके अजून आहेत. तुम्ही मोबाइलवर संविधानाची तिसरी अनुसूची काढता आणि म्हाताऱ्यासमोर धरता. तो चष्मा पुसतो, डोळ्यांशी नेतो, अक्षर अक्षर लावून वाचतो.

"म्हंजे दोन्ही चालते?"

"हाव. दोन्ही."

"अन् कमीजास्त?"

"नाही. दोन्हींचं वजन सारखंच."

राजभवनातून दिग्रसच्या आमदारांचं नाव पुकारलं जातं. माणसं पडद्यावर वाकतात, मागून कोणीतरी ओरडतं, रस्त्यापलीकडे फटाक्यांची माळ लागते. दारव्ह्याची एसटी फलाटाला लागते आणि वाहक घंटीची दोरी ओढतो. म्हातारा वर पाहत नाही. रेघेच्या खालच्या ओळीवर बोट ठेवून तो ती पुन्हा पहिल्यापासून वाचतोय.